आंबट फुलं

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. जनुकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या लेकीच्या हट्टापायी गालातून कापूस फिरवून पाठवलास, त्याचा निकाल आलाय. नाकातलं एक प्रथिन व्हायोलेटच्या जांभळ्या फुलांचा वास पकडतं. ते बनवणारं जनुक, ओआर-फाइव्ह-ए-वन, तुझ्यात दोन्हीकडून कुचकामी आहे. अशांना तो वास व्हिनेगरसारखा आंबट येतो. तुझ्या लग्नात आईनं दिलेलं अत्तर त्याच फुलांचं होतं, विटलेलं नव्हतं गं. माझ्या बाटलीतही तेच होतं.
आई अंथरुणाला खिळलीय. एकदा येऊन जा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
धाकटी

ता. १५ मार्च

चि. धाकटीस, अ. आ.
तुझ्या आईची वकिली तू लहानपणापासून करतेस, आता लेकीलाही वकीलपत्र दिलंस वाटतं! अत्तराच्या कारखान्यात मिश्रणं करणारी, नावाजलेल्या नाकाची बाई सावत्र मुलीला विटलेली बाटली चुकून देते होय? पाहुण्यांदेखत मी ती परत केली तेव्हा ती अवाक्षर बोलली नाही. निर्दोष माणूस गप्प बसतो का?
प्रकृतीला जप. लेकीला आशीर्वाद.
ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस, सा. न.
ती गप्प बसली, कारण तिला तुझं खरं वाटलं. आपलं नाकच गेलं असं धरून तिनं मिश्रणाचं काम सोडलं आणि बाटल्यांना बुचं लावत बसली. मी कितीदा सांगितलं की वास फुलांचाच होता. तर म्हणायची, तू पोटची, तू माझं मन राखणारच.
जनुकाची एक खोट बाबांकडून आलीय, दुसरी तुझ्या सख्ख्या आईकडून. माझ्या आईकडून तुला त्या अत्तराखेरीज काही मिळालेलं नाही. तिचं नाक शाबूत होतं, एवढंच येऊन सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तरच तिला पटेल.
धाकटी

ता. ९ एप्रिल

चि. धाकटीस, अ. आ.
तुला खोटं पाडायला बाजारातून तसलं अत्तर आणलं. मला व्हिनेगरच. यांच्या नाकाशी धरलं तर म्हणाले, वा, काय फुलं आहेत! शेजारीणही तेच म्हणाली. मी न्हाणीघरात जाऊन रडले.
शनिवारी निघते. तोवर आईला वाचून दाखव : आई, तुझं नाक चांगलं होतं. खोट माझ्यात होती.
तुमचीच, अजून म्हणू दिलंत तर,
ताई

ता. १३ एप्रिल

ती. ताईस,
पत्र काल पोचलं. आई परवा गेली. फोन केला होता, तू नेहमीसारखा उचलला नाहीस.
तरी रिकाम्या खाटेजवळ बसून मी तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. ये म्हणवत नाही, येऊ नको असंही म्हणवत नाही. कपाट उघडलं की घरभर तिच्या अत्तराचा वास सुटतो. मला तो सोसवत नाही आणि तुला तो आंबटच येणार.
जायच्या आदल्या दिवशी तिनं मला विचारलं, ताईच्या बाटलीत माझं नेमकं काय चुकलं असेल गं?
धाकटी