बसथांब्याबाबत माझी भूमिका

४ मार्च
आजपासून रोजनिशी. आपले विचार वाया जाऊ नयेत. सलूनमध्ये दाढी पाच मिनिटांची, चर्चा तासभर. माणूस राजकारणावर का बोलतो? कारण बोलण्यातूनच नागरिक घडतो. बायकोचं मत वेगळं. म्हणते, भांडी घासायची वेळ झाली की तुम्हाला बरोबर देश आठवतो. दुर्लक्ष केलं.

७ मार्च
नगरपालिका आमच्या दारासमोरचा बसथांबा उचलून पार पुलापलीकडे नेणार. आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी बसनेच दवाखान्यात जावं लागतं. पुलापर्यंत तिला चालवणार नाही. रविवारी वॉर्डसभा आहे. आई म्हणाली, मीच येऊन सांगते. म्हटलं, तू कशाला त्रास घेतेस, मी आहे ना. तरी येणारच म्हणते. हट्टी आहे.

१० मार्च
सलूनमध्ये भाषणाची रंगीत तालीम. गालाला साबण लावलेलं एक गिऱ्हाईक शेवटपर्यंत ऐकत होतं. (त्याला उठताच येत नव्हतं, असं सलूनवाला म्हणतो.) पॉइंट: लोकशाहीचा उगम, सत्तेचं केंद्रीकरण, मतदारांची उदासीनता. शेवटी थांबा.

१२ मार्च, रविवार
सभा गाजवली. नागरिकांना बोलायला वीस मिनिटं होती. सगळ्यांना मिळून. हा नियम आधी कळला असता तर उगम आवरता घेतला असता. उदासीनतेवर आलो आणि घंटा वाजली. टाळ्या पडल्या, विशेषतः घंटेनंतर. थांब्याबद्दल कुणीच हरकत घेतली नाही, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर. उदासीनता म्हणतात ती हीच. आई पहिल्यापासून हात वर करून बसली होती. तिचा नंबर आला नाही.

१३ मार्च
आई बोलत नाही. बायको बोलते आहे, ते इथे लिहीत नाही. जेवताना आई एवढंच म्हणाली, "मला एकच वाक्य बोलायचं होतं रे."
फार वाईट वाटलं. संकल्प: महिनाभर राजकारणावर चकार शब्द काढायचा नाही. आईला स्वतः पुलापलीकडे नेऊन, हाताला धरून बसमध्ये बसवायचं.

२० मार्च
थांबा हलला. आईला घेऊन निघालो. पुलावर ती दोनदा कठड्याला टेकली. कुरकुर केली नाही. थांब्यावर एका गृहस्थांनी विचारलं, या सरकारचं काय होणार हो? संकल्प लक्षात होता, म्हणून थोडक्यात सांगायला घेतलं. मुद्दा नीट पटावा म्हणून जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा बस सुटली होती. आई खिडकीशी बसलेली दिसली, शेजारी ते गृहस्थ. तिला हात देऊन वर चढवलं ते त्यांनीच (आईने नंतर सांगितलं). मी अजून त्यांना उत्तर देत होतो.