सतरा रिकामे चौकोन

प्रिय आत्या,

आज सकाळी रिपोर्ट हातात पडला. मला आठवा महिना आहे, आणि रक्तात विषाणू सापडलेला नाही! तुझ्या जावयानं, निखिलनं, तीनदा वाचून दाखवलं. माझ्या मनात आलं, हे आता आत्याला कोण सांगणार? म्हणून लिहायला बसले.

आई-बाबा एचआयव्हीनं गेले आणि तो माझ्याही रक्तात होता. तू मला खडकीला तुझ्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आणलंस. शाळेनं घेतलं नाही, तर ड्यूटीवरून येऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं बाराखडी शिकवलीस. अंक शिकवलेस दिनदर्शिकेवर. पुढे औषध सुरू झालं तेव्हा दिनदर्शिकाच कामाला आली. फॅक्टरीचा सकाळचा भोंगा झाला की गोळी, आणि तारखेच्या चौकोनात खूण.

एकदा गोळी उशीखाली लपवून मी खूण केली. तू ओरडली नाहीस. म्हणालीस, "रिकामा चौकोन चालेल मला. खोटी खूण नाही चालणार."

"आणि तू शेजारच्या काकूंना सांगतेस की या काविळीच्या गोळ्या आहेत, ते?"

"ते काकूंसाठी, बाई. चौकोन आपल्यासाठी असतो."

आता एक कबूल करायचंय. दिवस गेल्याचं कळलं आणि मी घाबरले. ही औषधं बाळाला बाधली तर? डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या चालू राहिल्या तर विषाणू दबून राहील, बाळ त्याच्यापासून वाचेल. तरी सतरा दिवस मी गोळी घेतली नाही. कुणाला विचारलंसुद्धा नाही. औषधं मिळतात त्या सेंटरमध्ये उरलेल्या गोळ्या मोजतात, म्हणून त्या सतरा संडासात टाकल्या. आणि चौकोनांत खुणा केल्या. सतराच्या सतरा!

रक्त तपासणारे खुणा थोड्याच बघतात? इतकी वर्षं न सापडलेला विषाणू रिपोर्टात पुन्हा दिसला. समुपदेशक मॅडमनी बाटली पालथी केली. "गोळ्या तर बरोबर आहेत की! मग हा काय बसनं आला?"

मी रडत सगळं सांगितलं.

"अहो, गोळ्या मोजून मला काय लोणचं घालायचंय? सुटल्या तर सुटल्या म्हणा. लपवलंत तर बाळाला आम्ही कसं वाचवायचं?"

तूच बोलतेयस असं वाटलं गं! घरी येऊन निखिलला सांगितलं आणि त्या सतरा खुणा व्हाइटनरनं पुसल्या. त्यानंतर एकही गोळी चुकलेली नाही. कोथरूडला भोंगा कुठला? मोबाइलवर तसाच आवाज शोधून लावलाय. निखिल रोज दचकून उठतो.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. माझी एक गोळी चुकू दिली नाहीस, आणि स्वतःच्या बीपीच्या गोळ्या डब्यात तशाच? तू गेल्यावर सापडल्या. तुझ्यासाठीही एक दिनदर्शिका टांगावी, हे मला का नाही सुचलं?

असो. आज भांडायचं नाही. आज मी आहे, आणि पोटात लाथा मारणारं कुणीतरी आहे, ते तुझ्यामुळे.

बाळालाही जन्मल्यावर काही आठवडे औषध पाजायचंय, मग तपासण्या आहेत. भीती संपलेली नाही. त्याच्यासाठी कोरी दिनदर्शिका आणून ओट्याजवळ टांगलीय. तुला शब्द देते आत्या, आधी औषध त्याच्या पोटात जाईल, मगच खूण होईल. एखादा दिवस चुकलाच, तर चौकोन रिकामा राहील आणि त्याच सकाळी मी मॅडमना फोन करीन.

तुझी,
मनी