राजेश्वरीच्या मंजुरीतून ‘पिशवी’ वगळणेबाबत

प्रति,
मा. उपचार मंजुरी अधिकारी,
नीराकाठ आरोग्य साहाय्य योजना,
उपकार्यालय, बारामती.

विषय : मंजूर शस्त्रक्रिया कमी करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले मंजुरीपत्र, दि. ३ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

१. अर्जदार सांगवी येथील दूध संकलन केंद्राचा सचिव असून गावातले निम्मे अर्ज त्याच्याच हातचे असतात. घरचा अर्ज मात्र त्याने चुकवला.

२. अर्जदाराची मुलगी राजेश्वरी, वय २२, अविवाहित, हिच्या पोटात डाव्या बाजूस गाठ निघाली. मूळ अर्जात ‘आजार’ या रकान्यात अवयवाचे नाव लिहिताना, मुलगी समोरच बसलेली असल्याने, अर्जदाराचा पेन अडखळला. सांगवीत बाईमाणसाचे बेंबीखाली जे काही दुखते त्या सर्वास ‘पिशवी’ म्हणतात. अर्जदार ‘पिशवीचे ऑपरेशन’ असे लिहून मोकळा झाला. आपल्या कार्यालयाने एरवी न दिसणाऱ्या तत्परतेने मंजुरी दिली : गर्भाशय व दोन्ही अंडाशये काढणे.

३. डॉक्टर म्हणतात, तपासण्यांत गाठ डाव्या अंडाशयापुरतीच दिसते. तेवढेच काढावे, उजवे व गर्भाशय राखावे, म्हणजे पुढे मूल होण्याची वाट उघडी राहील. परंतु मंजुरीत नसलेले ऑपरेशन योजनेत होत नाही, आणि तारीख १८ नोव्हेंबर आहे.

४. अर्जदार आपल्या खिडकी क्र. २ वर चार वेळा आला. पहिल्या खेपेस तेथील कर्मचारी म्हणाले, “तात्या, लोक कमी मंजूर झालं म्हणून भांडत्यात. तुमी जास्त झालं म्हणून रडताय व्हय?” दुसऱ्या खेपेस पतीची संमती मागितली. पती नाही म्हटल्यावर, “मग होणाऱ्याची आणा.” तिसऱ्या खेपेस ‘अपत्ये : निरंक’ या नोंदीवर बोट ठेवून, “हितं तर काहीच न्हाय, मग वाचवायचं काय?” याचे उत्तर अर्जदारास परतीच्या एसटीत सुचले. तोवर खिडकी बंद झाली होती.

५. गाईच्या एका सडाला दगडी होऊन तो सुजला म्हणून कोणी अख्खी कास कापत नाही, असे चौथ्या खेपेस सांगून पाहिले. राजेश्वरीस ही तुलना मान्य नाही. “आबा, गाय मधी आणू नका. लगीन करायचं का, पोर हवं का, ते माझं मी बघीन. पण बघायला कायतरी शिल्लक ऱ्हाऊ द्या.” तेव्हापासून ती कॅलेंडरवर रोज एक तारीख खोडते. अर्जदाराने काल केंद्रावर बेध्यानात म्हशीच्या दुधात गाईचे दूध ओतले.

६. चूक कोणाची, असा खुलासा आपण मागितला आहे. चूक अर्जदाराच्या लाजेची आहे. तिची शिक्षा मुलीस नको. हातात कामाचे तीन दिवस आहेत. सबब मंजुरीपत्रात ‘फक्त डावे अंडाशय’ अशी दुरुस्ती व्हावी. या वेळी अर्जदाराने तो शब्द मुलीसमोर मोठ्याने उच्चारून लिहिला आहे. ‘अं’वरचा अनुस्वार तिने तपासला.

आपला नम्र, आणि उद्यापासून खिडकी क्र. २ समोर बसून राहणारा,
हिंदुराव कुंडलिक भापकर
सांगवी, ता. बारामती
दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) डॉक्टरांचे पत्र
२) राजेश्वरीची संमती, तिच्याच सहीची
३) होणाऱ्या पतीची संमती : निरंक