वक्र्यातला शमाल आणि बाबांची होडी

१२ जाने. २००४, सोम.
आणि वर दादा फोनवर म्हणतो, तुला तिकडे बसून काय कळतं. मला नाही कळत? होडी बाबांची. त्यांच्याबरोबर समुद्रात मी जायचो, दादाला ओकाऱ्या व्हायच्या म्हणून तो घरी. आता तीच विकून रिक्षा घेणार. म्हणे तळाची फळी कुजली, बाबांचे गुडघे गेले, जाणार कोण तिच्यावर. म्हटलं मी येतो ना शिमग्याला. तर म्हणाला, "ये. आलास तर होडी तुझी. नाही आलास तर शिमगा झाला की गिऱ्हाईक बघतो." मागून वहिनी, भावजी चिडू नका. फोनचं कार्ड संपलं. नाहीतर अजून बोललो असतो.

१५ जाने.
शमाल थांबत नाही. उत्तरेकडून नुसता वारा, डोळ्यात वाळू. कतारच्या या वक्र्याच्या सगळ्या बोटी बंदरात बांधून. थंडीत इथे असंच, म्हणतात. मासे नाहीत तर खलाशांना वाटा पण नाही. जेवा, कॅरम खेळा, झोपा. कंटाळा आला तर धक्क्यावर जाऊन या, तिथे पण तेच चेहरे. पासपोर्ट अरबाबकडे. मालकाला इथे अरबाब म्हणायचं. त्याने सही केल्याशिवाय विमानात बसता येत नाही.

१९ जाने. सोम.
कोया गरगूर विणतो. मासे धरायचा तारेचा पिंजरा, घुमटासारखा, माणूस आत बसेल एवढा. कोया केरळचा, इथे म्हातारा झाला. रिकामं बसून डोकं फिरायला लागलं म्हणून मी पण तार घेतली. बोटं सोलली. पण वेळ गेला. आज दादाची आठवण आली नाही.

२५ जाने.
तिसरा गरगूर. तोंड करणं खरं काम, बाहेर रुंद आत निमुळतं. कोयाची पद्धत ढिली. मी आपल्याकडच्या खोयनीसारखं केलं, पावसात पऱ्ह्याच्या पाण्यात मासे धरायला लावतो ती बांबूची. काड्यांऐवजी तार, टोकं आत वळवून. कोयाने बघितलं. तार काढून घेत होता माझ्या हातातून. म्हटलं असू दे, मजा येते. आणि अरबाबला दाखवायचं होतं, पोरगा कामाचा आहे. खूश झाला की रजा मागायला बरं.

२ फेब्रु. सोम.
बकरी ईद झाली. अरबाब मटण घेऊन आला, स्वतः. खोलीबाहेर माझे गरगूर रांगेत. एकेकाच्या तोंडात हात घालून बघितला. कोयाला अरबीत विचारलं, कोणी केले. मी लगेच पुढे. कोयाकडून विचारून घेतलं, मार्च लागायच्या आत घरी जाऊ का, दोन महिन्यांसाठी. अरबाब हसला. पाठीवर हात ठेवला. हिंदी येते त्याला थोडी. "गरमी के बाद जाओ, इन्शाल्ला. अभी मेरा सब बोट का गरगूर तुम बनाएगा." नगाला वेगळे पैसे देणार. म्हणजे रजा ऑक्टोबरला.

जेवलो नाही. कोया ताट घेऊन आला, बाजूला बसला. म्हणाला, "तुमको कौन बोला इतना अच्छा बनाने को? मैं इतना साल से खराब बनाता है. हर साल घर जाता है."
म्हटलं, आधी सांगायचं होतं. तर म्हणतो, तुझ्या हातातून तार काढत होतो ते काय होतं.

६ फेब्रु. शुक्र.
चार दिवस मुद्दाम वाकडं विणतोय. होत नाही. हात आपोआप ओढून घेतो. जो वाकडा जमला तो अरबाबने बघितला, म्हणाला तबियत खराब है? आणि पॅनाडॉल पाठवली.

९ फेब्रु.
दादाला फोन. सांगितलं, नाही येत. वाटलं होतं भांडेल. भांडला नाही. म्हणाला, बाबा रोज जाऊन होडीत बसतात, किनाऱ्यावरच, पाण्यात नाही. त्यांना कसं सांगू मी विकतो. मग म्हणाला, फळीचे पैसे पाठव, पाऊस संपेपर्यंत थांबतो.
बाबांना बोलावलं. त्यांना फोनवर ऐकू येत नाही नीट. एवढंच विचारलं, "वारा कुठला रे तिकडे?" म्हटलं उत्तरेचा. "मग बांधूनच ठेवा," म्हणाले आणि ठेवला.

१२ फेब्रु. गुरु.
अरबाबकडून पुढच्या गरगुरांची उचल घेतली. घेतली म्हणजे आता ऑक्टोबरपर्यंत तोंड उघडायचं नाही. कोया म्हणाला, फळी नवी झाली की तुझा भाऊ जास्त भावाला विकेल. मला पण रात्रभर तेच. दादा तसा नाही. पण रिक्षा त्याला दोन वर्षांपासून हवी. वहिनीला विचारलं तर खरं सांगेल, पण विचारू कसं, फोन शेजाऱ्यांचा, सगळे ऐकत बसतात.
वारा पडलाय थोडा. उद्या बोटी जातील. मी नाही, मी तारेवर.
दुपारी दोहाला जाऊन आलो, पैसे भरले. दादाच्या नावावर. बाबांच्या नावावर करणार होतो, त्यांना सही येत नाही.
पाठवले १,१०० रियाल.