रिकाम्या गाडीचा कल

कोलवॉल,
३ जून १९६६

ती. म्युरिएलआत्यास,
हेस्टरचा सा. न. वि. वि.

आत्या, सुरू झाली! बाबा गेल्यापासून अकरा महिने मुकी उभी असलेली त्यांची लाल स्पोर्ट्‌स कार आज पहिल्याच किल्लीला गर्जली. ग्रंथालयात दिवसभर कुजबुजत बोलणारी मी अंगणात अशी ओरडले, की शेजारच्या कोंबड्या पांगल्या.

परंतु क्लाइव्हदादाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि माझा आनंद अर्ध्यावर आणला. गाडीची उजवी बाजू डावीपेक्षा तब्बल सव्वा इंच उंच आहे. त्याचे म्हणणे, बाबांनी ती चरात घातली होती तेव्हाच सांगाडा पिळवटला असणार. असल्या गाडीत बहिणीला बसवायला तो काही वेडा नाही. सुटे भाग विकणारा माणूस पुढच्या शनिवारी, अकरा तारखेला, ती ओढून नेणार. तोवर सांगाडा सरळ असल्याचे मी सिद्ध केले, तरच गाडी राहील. महिनाअखेरच्या टेकडीवरील शर्यतीसाठी मी नावही देऊन बसले आहे! बारा वर्षे तुम्ही बाबांबरोबर गाड्यांखाली काढलीत. काय करू, ते लगेच कळवावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
हेस्टर

व्हिटबी,
४ जून १९६६

चि. हेस्टर हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून गुडघे विसरले आणि उठून उभीच राहिले! डाव्या-उजव्या स्प्रिंगांची अदलाबदल कर. कल त्यांच्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष स्प्रिंगांचा. जागचा हलला नाही तर... ते मी लिहिणार नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरलीस, तर तिथे येऊन कान उपटीन. आणि क्लाइव्हला सांग, लहानपणी त्याला आमचा झोपाळाही वाकडाच दिसायचा.

तुझ्या काळजीत व कौतुकात,
म्युरिएलआत्या

कोलवॉल,
७ जून १९६६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

स्प्रिंगा बदलल्या. दोन दिवस लागले. मदत करणार नाही असे बजावून दादा पाने हातात देत राहिला. कल मात्र होता तिथेच आहे. फरशी सपाट असल्याची खात्री करून सात वेळा मोजले. सातही वेळा उजवीकडे सव्वा इंच जास्त. दादा उपहासाने हसला असता तर बरे झाले असते. तो हळूच म्हणाला की हेस, पुरे झालं आता, हात बघ तुझे. आणि त्या माणसाला फोन करायला आत गेला.

आत्या, काहीतरी राहून गेले आहे असे मला सारखे वाटते. माझे हे वाटणे खुळेपणाचे असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

आपली,
काळ्या हातांची हेस्टर

व्हिटबी,
८ जून १९६६

चि. हेस्टर हिस आशीर्वाद.

अगं शहाणे, सात वेळा मोजलेस, पण गाडीत कोण बसले होते? रिकामी गाडी मोजतात होय? आमच्या शेडमध्ये चालक बुटांसकट आत बसेपर्यंत टेपला कोणी हात लावत नसे. हे सांगावे लागेल असे मला सुचलेच नाही. माझीही अक्कल पेन्शनीत निघालेली दिसते.

तुझा बाप सोळा स्टोन वजनाचा धिप्पाड गडी, आणि शर्यतीत एकटाच बसणारा. त्याच्या वजनाने उजवी बाजू दबायची, म्हणून तो उजव्या स्प्रिंगांच्या वर, सांगाड्याच्या खोबणीत, धातूच्या चकत्या बसवायचा. स्प्रिंगा काढल्या तरी त्या तिथेच राहतात, आणि इतक्या वर्षांच्या वंगणाखाली दिसायच्याही नाहीत. नाताळचे पुडिंग अंगी लागले की पुढच्या मोसमाला आणखी एक चकती!

तू बसून काही व्हायचे नाही. तुझ्यासारख्या दोघी लागतील. घरात बापाच्या अंगाचे कोण आहे, हेही मीच लिहू का? त्याला बसव आणि मोज. माझी आज्ञा आहे म्हणावे.

तारेची वाट पाहणारी,
म्युरिएलआत्या

कोलवॉल,
शनिवार, ११ जून १९६६

ती. आत्यास हेस्टरचा आनंदाने सा. न. वि. वि.

तारेत मावणार नाही म्हणून पत्रच लिहिते. सकाळी नऊला तो माणूस ट्रेलर घेऊन हजर झाला. बसमध्ये स्वतःची जागाही मागू न शकणारी मी गाडीचे दार उघडून उभी राहिले आणि दादाला म्हणाले की बस. तो म्हणाला, वेड लागलंय का तुला, पाहुण्यासमोर. मी आपले नाव घेतले. आत्या, तो अजूनही आपल्याला भितो! कुरकुरत, पोट आत घेत तो बसला, आणि गाडी उसासा टाकल्यासारखी खाली आली.

डावीकडे मोजले. उजवीकडे मोजले. सारखे! केसाचाही फरक नाही. मी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तेव्हा त्या माणसाने टेप काढून घेतली, स्वतः मोजले, आणि जाहीर केले की सांगाडा ठणठणीत आहे, बाईसाहेब, माझी फेरी फुकट गेली, निदान चहा तरी पाजा.

चकत्याही सापडल्या. पुढे-मागे तीन-तीन, प्रत्येकीवर बाबांनी ओरखडून लिहिलेले साल. दादा वाद घालतो आहे की मी बाबांइतका जाड नाही, एक चकती कमी कर. टेप खोटे बोलत नाही, असे मी त्याला सुनावले आहे. माझ्या वजनासाठी त्या काढाव्या लागतील हे खरे; पण इतक्यात नाही.

कारण दादा अजून उतरलेला नाही. आसन अजून बाबांनी सरकवून ठेवलेल्या खाचेतच होते. त्याचे पाय थेट पेडलांवर पोचले. मग समोर पाहतच त्याने विचारले की शर्यतीत एका गाडीवर दोन नावे चालतात का. चालतात, असे मी सांगितले. आता त्याने चहा तिथेच मागवला आहे. तो देऊन येते.

आपला लोभ आता आम्हा दोघांवर सारखाच राहो.

आपली,
हेस्टर