डाव्या हाताची दाढी

३ जून, सकाळी ७
पार्किन्सनने उजवा हात कामातून गेला. चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या केल्या; आता डावा हात शिकवायचा. फिजिओबाई म्हणाल्या, आधी अर्धा तास सायकल, दम लागेपर्यंत. मग लगेच नवं काम शिका, मेंदू त्या वेळी जास्त ऐकतो. बायको म्हणाली, यांच्या मेंदूने आजवर कुणाचं ऐकलेलं नाही.
मुलगा म्हणतो, एक तारखेपासून दुकानातली माझी खुर्ची नव्या कारागिराला देणार. बघू. त्याआधी मीच तिच्यामागे उभा असेन.

५ जून
सायकल अठ्ठावीस मिनिटं. (पाय अकराव्या मिनिटाला थांबले. पण उतरलो नव्हतो, ते धरायचं.) मग फुग्याला फेस लावून वस्तरा. आमच्या धंद्यात सगळे असेच शिकतात. सहा फुगे फुटले. माल हलका.

९ जून
चौदा फुगे. शेजारीण विचारत होती, वाढदिवस कुणाचा. बायको म्हणाली, आमच्याकडे रोजच असतो.
अक्षर बारीक होत चाललंय. वही जास्त दिवस पुरेल.

१४ जून
फिजिओबाई म्हणतात, आधी शर्टाची बटणं लावायला शिका. मी काय बालवाडीत आहे? घरी येऊन एक लावून पाहिलं. वीस मिनिटं. लागलं नाही. रडलो. बायको बाहेर गेली होती ते बरं.

२२ जून
सायकल तीस मिनिटं. खरी. आज फुगा फुटला नाही. (वस्तरा अर्ध्याच फुग्यावर फिरवला. घाई कशाला.) मुलाला सांगून टाकलं, तीस तारखेला तुझी दाढी मी करणार. त्याने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, बरं, बाबा.
हे जमलं नाही तर माझं काय उरतं?

३० जून, दुकान उघडायच्या आधी
वस्तरा मुलानेच तयार करून हातात दिला. माझ्या खुर्चीत बसला, मान मागे टाकून डोळे मिटले. डावा हात थरथरला, पण फिरला. गाल, हनुवटी, गळासुद्धा. रक्ताचा थेंब नाही. ऊर भरून आला.
फेस पुसला. गालावर हात फिरवला. खुंट जसेच्या तसे.
वस्तरा उघडून पाहिला. आत ब्लेड नव्हतं.
मुलगा आरशात बघत म्हणाला, मस्त झाली, बाबा. मी म्हटलं, झाली खरी.
मग नवा कारागीर आला, उद्यापासूनचं काम समजून घ्यायला. खुर्ची खालीवर कशी करायची ते त्याला दाखवलं.