घोडेवाल्यांचा डाव

आई, तुझ्या पायाला प्लास्टर होतं त्या दिवसांबद्दल लिहायचं आहे. तू जाऊन चौदा वर्षं झाली. नाचणगावच्या तुझ्या शाळेत निकालपत्रकं लिहायच्या आठवड्यात तू पायरीवरून घसरलीस आणि घोटा मोडला. हाड नीट जुळेना, म्हणून दोनदा प्लास्टर बदललं आणि सहा आठवडे म्हणता म्हणता जुलै उजाडला. पुलगावच्या आपल्या घरात कूलर एकच, मधल्या खोलीत. तिथेच तुझी खाट टाकली होती, आणि मावसभावानं नागपूरहून आणून दिलेला जुना संगणकही तिथेच होता. माझी बारावी झालेली. बाबा कापडाच्या दुकानात गेले की घरात आपण दोघी आणि माझा खेळ.

त्या खेळात एक टोळी घेऊन सुरुवात करायची, गावं वसवायची, शेती, विद्या, सैन्य वाढवायचं. एक खेळी आपली, मग एक समोरच्यांची. मावसभाऊ आणि त्याच्या होस्टेलच्या मित्रांनी मूळ खेळाच्या फायली उघडून त्यात स्वतःचे बदल केले होते. नकाशावर आपल्या जिल्ह्यातल्या गावांची नावं घातली होती, आणि मूळ खेळात नसलेली घोडेवाल्यांची एक टोळी घुसवली होती. इतरांचे भाले तयार व्हायच्या आत यांचे घोडे तयार. पण यांची कोठारं लहान, विद्या उशिरा. पहिल्या चाळीस-पन्नास खेळ्यांत शेजाऱ्याचं काही हिसकावून घेतलं नाही, तर मग आयुष्यभर मागेच. मी दर वेळी हीच टोळी घ्यायचे. धीर नव्हता मला, आणि जिंकायची फार हौस होती.

सुरुवातीला तू पाठ फिरवून झोपायचीस. मग उशीला टेकून बघायला लागलीस.

"हे घोडेवाले काऊन इतक्या घाईनं निघून राह्यले?"

"त्याइचं तसंच असते. आताच मारा लागते, नाई तं पुढं काई जमत नाई."

"अन् घरी शेती कोण पाह्यते त्याइची?"

मी हसले. त्या दुपारी मी नाचणगाव जिंकलं आणि जिंकलेलं गाव ठेवायचं की जाळायचं, असं खेळानं विचारल्यावर बिनदिक्कत जाळलं. सांभाळत बसायला वेळ कुणाला होता! तू एकदम उठून बसलीस. वर्गात पोरांवर ओरडायचीस तशी नाही, अगदी हळू म्हणालीस, "घ्याचं तं घे. जाळून काऊन राह्यली? माह्या शाळेतले लेकरं असतीन तिथं." मी म्हटलं, आई, हा खेळ आहे. तू म्हणालीस, "मले समजते खेळ हाय ते," आणि भिंतीकडे तोंड केलंस.

दुसऱ्या दिवशी मात्र खाट टेबलाला लावायला सांगितलंस आणि माउस मागितलास. टोळी कोणती, विचारल्यावर म्हणालीस, "हेच. घोडेवाले." मला खात्री होती, तू कोठारं बांधत बसशील आणि चिखलात रुतशील. सकाळभर तू नकाशावरचं एकेक घर मोजत चाललीस, खडूच्या सवयीनं माउस चिमटीत धरून. आणि पंधराव्या खेळीला सगळे घोडे एका ठिकाणी आणून सरळ आर्वीवर सोडलेस. आर्वी ही शेजाऱ्याची राजधानी, नकाशावरची सगळ्यात सुपीक जमीन तिच्याभोवती. तीन खेळ्यांत घेतलीस. मी ओरडले, अजून दोन गावं मोकळी आहेत, घे ना! "पुरे," म्हणालीस. "लागत होतं ते भेटलं." घोडे गावात उभे केलेस आणि शेती लावायला घेतलीस.

तेव्हाच तू मला ते सांगितलंस. पडद्याकडे बघत, माझ्याकडे न बघता. "माहाही नंबर लागला होता नागपूरच्या कॉलेजात. मोठे भाऊ म्हणत, पाहू. मी थांबली. पाहू पाहू म्हणता लग्न जमलं." एवढंच. मग म्हणालीस, "तुही फेरी कवा हाय?"

माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची फेरी नागपूरला होती, चार दिवसांवर. स्वतः हजर राहायचं, नाहीतर जागा गेली. बाबा नाही म्हणत नव्हते. दुकानातून आले की हात धुताना म्हणायचे, "पाहू. घाई काय हाय? यंदा गावातच बी.एस्सी.ले जाय, पुढच्या वर्षी पाहू." त्यांचा आवाज कधी चढला नाही, म्हणूनच भांडता येत नव्हतं.

फेरीच्या दिवशी बाबा लग्नाला आर्वीला गेले, आणि त्यांची बस सुटली असेल-नसेल तोवर तू मला रिक्षा आणायला पाठवलंस. स्टेशनवर गाडी पलीकडच्या फलाटावर, पूल चढून जायचं. आजही तो पूल माझ्या डोळ्यांपुढे आहे. तू पहिल्या पायरीवर पाठमोरी बसतेस, हातांवर जोर देऊन स्वतःला वरच्या पायरीवर चढवतेस, मग प्लास्टरचा पाय ओढून घेतेस. पुन्हा पुढची पायरी. लोक थांबून बघत आहेत. एक म्हातारी विचारते, "बाई, कुठी चालली अशी?" तू घाम पुसत सांगतेस, "पोरीले कॉलेजात घालाले." मला लाज वाटत होती, आई. मी तुझी पिशवी घेऊन चार पायऱ्या पुढे उभी होते, जणू तुझी कुणी नाही.

जागा मिळाली, पुण्याची. परत आलो तेव्हा बाबा घरी आले होते. तू म्हणालीस, "प्रवेश झाला. मी नेलं तिले." बाबांनी प्लास्टरकडे बघितलं, तळाशी काळं झालं होतं, चिरलं होतं. चप्पल घालून बाहेर गेले.

पुण्याला गेल्यावर मी रविवारी फोन करायचे आणि तू तुझ्या डावाचं सांगायचीस. आज देवळीशी तह केला. आज कालवा काढला. शाळा बांधली, सगळ्यांच्या आधी. "माह्याइतकं शिकलेलं कोणी नाई आता नकाशावर." मैत्रिणींना मी सांगायचे, माझी आई संगणकावर राज्य करते. तू एकटीच खेळतेस, एवढं का खेळतेस, हे विचारायचं मला सुचलं नाही. तू गेल्यावर तेराव्याला मावशीनं सांगितलं, प्रवेशाच्या त्या दिवसापासून चार महिने बाबा तुझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. ताट घ्यायचे, जेवायचे, उठायचे. दिवाळीला मी आले तेव्हा माझ्याशी ते नीट बोलले, म्हणून मला काही दिसलंच नाही. म्हणजे त्या घरात तुझ्याशी बोलायला तो डावच होता.

आता जे सांगायला हा कागद घेतला ते सांगते. त्या दिवाळीत तुझ्या शाळेला सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तू नाचणगावला गेलेली असताना मी तुझा डाव उघडला. किती सुंदर होता! पिकं, कालवे, सगळीकडे तह. घोडे इतक्या खेळ्यांपासून आर्वीत उभेच. मला वाटलं, थोडी गंमत करावी, आई येईपर्यंत दोन गावं वाढवून ठेवावीत. तह मोडला, घोडे काढले. पण तोवर सगळ्यांकडे बंदुका आल्या होत्या. तासाभरात घोडे संपले आणि आर्वीही गेली. लाइट जायची वेळ झाली होती. घाईत मी डाव साठवला, तोही तुझ्याच जुन्या डावावर, आणि तुझा पुसला गेला.

तू आलीस, चप्पल काढलीस, संगणकाकडे वळलीस. मी म्हटलं, आई, मशीन बिघडलं, तुझा डाव गेला. तू म्हणालीस, "जाऊ दे. मशीनच हाय ते," आणि चहा ठेवायला गेलीस. नंतर तू कधी खेळली नाहीस.

मशीन ठीक होतं, आई.